ओळखी नंतर बघू, आधी टिपणी वाचता येते का?

पब्लिक पॉलिसीची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलीला हमखास मिळणारा सल्ला: "गव्हर्न्मेंट अफेअर्सच्या फंदात पडू नकोस. तिथे ओळखी लागतात, संध्याकाळी 'बसावं' लागतं. तू आपली रिसर्चला जा." गव्हर्न्मेंट अफेअर्स म्हणजे कंपनीच्या वतीने सरकारी विभागांशी बोलण्याचं काम. सल्ला देणारे बहुधा भल्या मनाचे असतात. पण याच सल्ल्यातून कंपन्यांमध्ये एक वाटणी होऊन बसली आहे. अहवाल, पीपीटी, बजेटच्या संध्याकाळचा सारांश हे बाईकडे. विभागात जाणं, फाइलच्या मागे राहणं हे बाप्याकडे, त्यातही एखाद्या निवृत्त साहेबांकडे. वर्षाअखेरीस बढतीचा विषय निघाला की प्रश्न येतो, "विभागात आपल्याला ओळखतं कोण?" तिथे अहवालवालीचं नाव मागे पडतं.

ओळखींचा एवढा बाऊ करणाऱ्यांना विचारावं, ज्या साहेबांची ओळख आहे ते त्या खुर्चीत किती दिवस? महाराष्ट्राच्या २००५ च्या बदल्यांच्या कायद्यात एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा धरला आहे, आणि वरच्या जागांवर तेवढाही मिळेल याची खात्री नसते. साहेब गेले की आपल्या फोनमध्ये नुसता नंबर उरतो. कार्यासन, म्हणजे विभागातलं तो विषय हाताळणारं टेबल, मात्र जागेवर असतं, नस्ती म्हणजे फाइल जागेवर असते, आणि त्या नस्तीत आपण कोणता कागद घातला होता ते पुढचा अधिकारी वाचतो. २६ आठवड्यांची प्रसूती रजा संपवून परतलेल्या बाईला "तुझे कॉन्टॅक्ट्स थंड झाले" असं ऐकवतात. झाले असतीलही. रजेवर न गेलेल्यांचेही तेवढ्या काळात काही थंड झालेले असतात, फक्त ते कुणी मोजत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की या धंद्यात शिकायची पहिली गोष्ट म्हणजे फाइल. ती खालून वर जाते. निवेदन टपालात येतं, ई-ऑफिसमध्ये त्याला क्रमांक पडतो, ते संबंधित कार्यासनाकडे जातं. तिथला सहायक कक्ष अधिकारी टिपणी लिहितो: विषय काय, आजची तरतूद काय, अर्जदार काय म्हणतो, पूर्वी अशा प्रकरणात काय केलं, आणि शेवटी प्रस्ताव, 'मान्यतेस्तव सादर'. मग कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, काही विभागांत सहसचिव, मग प्रधान सचिव किंवा अपर मुख्य सचिव, मग मंत्री. बाहेरचे लोक शेवटच्या दोन पायऱ्यांवर जीव काढतात. मजकूर लिहिला जातो पहिल्या पायरीवर. वर बहुतेक ठिकाणी सही, नाहीतर एक ओळ. खालून 'तरतूद नाही, सबब मान्य करता येणार नाही' असं लिहून आलं असेल, तर ते उलटवायला वरच्याला कारणं लिहावी लागतात, आणि कारणं लिहायला कुणालाच आवडत नाही.

आता ते कार्यासन शोधायचं कसं? कुणाला विचारायची गरज नाही, शासन निर्णय (जीआर) नीट वाचला तर त्यातच असतं. आपल्या विषयावरचा शेवटचा निर्णय राज्याच्या संकेतस्थळावरून काढा. वरच्या क्रमांकात 'संकीर्ण', मग वर्ष, मग 'प्र.क्र.' म्हणजे प्रकरण क्रमांक, आणि शेवटच्या तिरप्या रेघेनंतर कार्यासन. खाली 'वाचा' या शब्दापुढे जुन्या निर्णयांची यादी असते. ती या विषयाची वंशावळ. ती सगळी पानं डाऊनलोड करून तारखेप्रमाणे लावली की कोणता निर्णय कोणत्याने अधिक्रमित केला, म्हणजे रद्द करून त्याची जागा घेतली, ते कळतं. शेवटी 'प्रत' म्हणून लांबलचक यादी येते, राज्यपालांच्या सचिवांपासून महालेखापालांपर्यंत. बहुतेक लोक तिथे येईपर्यंत वाचन सोडतात. त्या यादीची अगदी शेवटची नोंद 'निवडनस्ती' आणि तिच्यापुढे कार्यासनाचं नाव. तेच आपलं टेबल. तळाला जो लांब संकेतांक असतो त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. कुणी व्हॉट्सॅपवर 'नवा जीआर' म्हणून पाठवला तर आधी ते आठ अंक वरच्या तारखेशी जुळवून बघा, मग तोच संकेतांक संकेतस्थळावर टाकून बघा. खोटे निर्णयही फिरतात आणि जुने निर्णय नवे म्हणूनही फिरतात.

शासन निर्णय, परिपत्रक, अधिसूचना, नियम, अधिनियम यांतला फरक न कळणारा माणूस या कामात रोज तोंडघशी पडतो. अधिनियमात लिहिलेलं शासन निर्णयाने बदलता येत नाही. नियमात लिहिलेलं बदलायचं तर अधिसूचना हवी, आणि बऱ्याच कायद्यांत त्याआधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवाव्या लागतात. परंतुक, म्हणजे कलमाखालचा 'परंतु'ने सुरू होणारा अपवाद, वाचायचं सुटणं ही तर नेहमीची चूक. राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा घ्या. मुख्य वाक्य वाचलं तर स्त्री कामगाराला सकाळी सात ते रात्री साडेनऊ याच वेळेत कामावर ठेवता येतं. खालचं परंतुक वाचलं तर तिची संमती असेल आणि प्रतिष्ठा व सुरक्षिततेची पुरेशी व्यवस्था असेल, तर रात्रीही ठेवता येतं. परंतुक न वाचता 'रात्रपाळीवरची बंदी उठवा' असं निवेदन गेलं, तर टिपणी लिहिणाऱ्याला फक्त एक ओळ लिहायची राहते: 'अशी तरतूद अगोदरच अस्तित्वात आहे.' प्रकरण नस्तीबद्ध, म्हणजे बंद.

निवेदन दीड पानाचं असावं. दोन पानांच्या वर गेलं की टिपणीत त्याचं काय होईल ते टिपणी लिहिणाऱ्याच्या हाती जातं. विषयाच्या ओळीत कायद्याचं नाव, कलम आणि मागणी या तिन्ही गोष्टी यायला हव्यात. पहिल्या परिच्छेदात आजची तरतूद जशीच्या तशी, अवतरणचिन्हात. दुसऱ्यात अडचण, आकड्यांसह: किती कारखाने, किती कामगार, किती दिवसांचा उशीर. तिसऱ्यात हवा असलेला बदल, आणि हा परिच्छेद म्हणजे निवेदनाचा जीव. 'योग्य तो बदल करावा' हे लिहिणं म्हणजे काहीच न मागणं. अधिसूचनेत जे वाक्य छापून यावं असं वाटतं ते पूर्ण वाक्य, मराठीत, विरामचिन्हांसह लिहून द्यायचं. चौथ्यात हा बदल करायचा अधिकार कोणाला, कोणत्या कलमान्वये, आणि त्याला अधिसूचना पुरते की विधेयक लागेल. पाचव्यात तिजोरीवर किती भार. भार नसेल तर तसं स्पष्ट म्हणायचं. ही पाचवी गोष्ट ज्यांनी गाळली त्यांची फाइल वित्त विभागाकडे गेली की महिनोन्‌महिने हलत नाही, कारण वित्त विभाग पहिला प्रश्न तोच विचारतो आणि उत्तरासाठी फाइल परत मूळ विभागात येते. असे दोन हेलपाटे झाले की अधिवेशन गेलं.

मंत्र्यांच्या शेऱ्याबद्दल. निवेदनावर शेरा मिळाला की कंपनीच्या ग्रुपवर फोटो पडतो, टाळ्या पडतात. शेरा काय आहे ते कुणी वाचत नाही. 'तपासून सादर करावे' म्हणजे फाइल सुरू करा, एवढंच. 'नियमानुसार कार्यवाही करावी' म्हणजे नियमात बसत असेल तर करा, आणि नियमात बसत असतं तर निवेदन कशाला दिलं असतं? 'प्रस्ताव सादर करावा' यात थोडा जोर आहे. पण शेरा कुठलाही असो, तो टपालात जाऊन त्याला क्रमांक पडेपर्यंत तो एक कागद आहे. पुष्कळ शेरे कुणाच्या तरी बॅगेतच मरतात, कारण शेरा घेणाऱ्याला वाटतं काम झालं.

पाठपुराव्याला कायद्याचा आधार आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. बदल्यांचा जो २००५ चा कायदा वर आला, त्याचाच दुसरा भाग दप्तर दिरंगाईचा. एका कर्मचाऱ्याकडे कोणतीही फाइल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची नसेल तर ४५ दिवसांत निर्णय, पाठवायची असेल तर तीन महिन्यांत. हे कलम पत्रात लिहून धमकावायचं नसतं, तसं केलंत तर ते टेबल कायमचं बंद झालं म्हणून समजा. आपल्या नोंदवहीत या मुदती मांडायच्या आणि त्या त्या दिवशी जाऊन साधं विचारायचं, "फाइल कुठे आहे, काही कागद कमी पडतोय का?" नव्वद टक्के अडण्याचं कारण त्या दुसऱ्या प्रश्नात सापडतं (हा टक्का माझा अंदाज, कुठल्या पाहणीतला नाही). जोडपत्राची प्रत पुसट, दुसऱ्या राज्याची अधिसूचना इंग्रजीत आणि तिचा मराठी गोषवारा नाही, अशी क्षुल्लक कारणं. माहितीचा अधिकार शेवटी. राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, दहा रुपये शुल्क, उत्तराची मुदत ३० दिवस. टिपणीची प्रत मागायला तो उत्तम. चालू फाइलवर मात्र वापरला तर टेबलवर कटुता येते.

मागणी चुकीची मांडली तर ती मान्य होऊनही नुकसान होतं, याचं मला सगळ्यात बोलकं वाटणारं उदाहरण सॅनिटरी नॅपकिनचं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा नॅपकिनवर १२ टक्के कर होता. त्याविरुद्ध देशभर आवाज उठला आणि तो रास्तच होता. सरकारचं तेव्हाचं उत्तर: जीएसटीपूर्वीचा भार १३.६८ टक्के होता, आणि कच्च्या मालातल्या सुपर ॲब्सॉर्बंट पॉलिमर, पॉलिथिन फिल्म, गोंद यांवर १८ टक्के तर वुड पल्प, रिलीज पेपर यांवर १२ टक्के कर आहे. २१ जुलै २०१८ च्या अठ्ठाविसाव्या बैठकीत जीएसटी परिषदेने नॅपकिन करमुक्त केले. सगळ्यांनी पेढे वाटले. पण करमुक्त मालावर इन्पुट क्रेडिट, म्हणजे कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. कच्च्या मालावर भरलेला कर उत्पादकाच्या खर्चातच बसतो, म्हणून किंमत १२ टक्क्यांनी खाली येऊ शकत नाही. वरून आयात मालालाही एकात्मिक जीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) माफ, म्हणजे परदेशात कच्च्या मालावरचा कर वजा होऊन आलेला नॅपकिन इथल्या बचत गटाच्या नॅपकिनपेक्षा सोयीत. पाच टक्के दर ठेवून उलट्या कररचनेचा (कच्च्या मालावरचा कर तयार मालापेक्षा जास्त असतो तेव्हाचा) परतावा मागणं, किंवा आधी कच्च्या मालाचा दर उतरवायला लावणं, हे पर्याय होते. ते घोषणेत बसत नाहीत हे मान्य. पण धोरणाचं काम करणाऱ्या बाईने मोर्चात घोषणा द्यावी आणि निवेदनात मात्र हे पर्याय लिहावेत, एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी. आणि जीएसटीच्या मागणीसाठी सगळे दिल्लीकडे धावतात. परिषदेत मतांचं दोन तृतीयांश वजन राज्यांकडे आहे, निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. माझगावच्या जीएसटी भवनात, म्हणजे राज्याच्या जीएसटी विभागातही, एक प्रत द्यायला काय जातं?

विधिमंडळाचं वेळापत्रक पाठ असावं. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात, १९५३ च्या नागपूर कराराच्या वारशाने. केंद्राचा अर्थसंकल्प २०१७ पासून १ फेब्रुवारीला येतो, त्यामुळे त्यासाठीची निवेदनं दिवाळीच्या आसपास पोचायला हवीत. जानेवारीत दिलेलं निवेदन म्हणजे पुढच्या वर्षाचं. अधिवेशनाच्या काळात विभागाकडे नवं काही मागायला जाऊ नये, कारण तिथे तारांकित प्रश्नांची (सभागृहात तोंडी द्यायची) उत्तरं आणि लक्षवेधींवरची, म्हणजे आमदारांनी तातडीच्या विषयांकडे लक्ष वेधलं की मंत्र्यांनी करायची, निवेदनं तयार करण्यात सगळं कार्यासन बुडालेलं असतं. उलट त्या काळात तुमच्या उद्योगावर लक्षवेधी लागली, तर कक्ष अधिकाऱ्याला माहिती हवी असते ती दोन तासांत, एका पानात, पडताळता येईल अशा आकड्यांची. ती ज्याच्याकडून मिळते त्याचा नंबर टेबलावरच्या काचेखाली जातो. ओळख म्हणतात ती अशी होते. सभागृहात मंत्र्याने आश्वासन दिलं तर तारीख आणि नेमके शब्द टिपून ठेवा. ते आश्वासन समितीकडे जातं आणि पुढे वर्षभर त्या शब्दांचा आधार घेता येतो.

आता 'संध्याकाळी बसण्या'विषयी. भेट कार्यालयात, कार्यालयीन वेळेत, आधी लेखी वेळ मागून, शक्यतो दोघांनी जाऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी चार ओळींचा ईमेल: काल अमुक विषयावर चर्चा झाली, आपण मागितलेले अमुक कागद सोबत जोडले आहेत. अशी शिस्त बाईने पाळली तर लोक 'फार फॉर्मल आहे' म्हणतात. म्हणू देत. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ ला दुरुस्ती झाल्यापासून लाच देणाराही थेट गुन्हेगार आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवावं लागतं. कंपनीशी संबंधित कुणीही दिली, अगदी बाहेरच्या एजंटाने, तरी कंपनी जबाबदार धरली जाऊ शकते. म्हणजे 'आम्ही लायझनिंगवाला ठेवलाय, तो बघतो' हे वाक्य आता संरक्षण उरलेलं नाही, पुरावा ठरू शकतं. लॉबिंगची नोंदणी करणारा कायदा आपल्याकडे नाही. त्यामुळे आपली नोंदवही हाच आपला बचाव.

आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा, मालकाने दिलेली गाडी, हे सगळं कामाचं ठिकाणच आहे. त्रास देणारा बाहेरचा माणूस असला तरी फौजदारी तक्रारीसाठी तिला मदत करणं हे तिच्या कंपनीचं कर्तव्य आहे. तक्रारीची मुदत तीन महिने, कारण असेल तर आणखी तीन. कंपन्यांच्या प्रशिक्षणात ऑफिसातल्या पँट्रीची उदाहरणं देतात, सरकारी केबिनबाहेरच्या सोफ्याचं कुणी देत नाही. ते धोरणात लिहून घ्यावं. नागपूरच्या अधिवेशनासाठी गाडी आणि हॉटेल हेही तिथेच लिहून घ्यावं, आणि खोली ऑक्टोबरातच घ्यावी. डिसेंबरात सिव्हिल लाइन्सच्या आसपास जागा मिळत नाही आणि मग लांबच्या हॉटेलातून रात्री ये-जा करायची वेळ येते.

एका बाबतीत लातूरची, सांगलीची, अकोल्याची मुलगी मुंबईत बीकेसीतल्या कॉर्पोरेट ऑफिसांतल्या सहकाऱ्यांच्या पुढे आहे आणि तिला ते कुणी सांगत नाही. राज्याचा कारभार मराठीत चालतो, १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने. 'अनुज्ञेय', 'विहित', 'व्यपगत', 'उक्त', 'अनौपचारिक संदर्भ' हे शब्द ज्याला वाचताना अडखळवत नाहीत, आणि जो त्याच भाषेत परिच्छेद लिहू शकतो, त्याला अनुवादक लागत नाही. मोठ्या पगाराच्या टीम इंग्रजी निवेदन बाहेर अनुवादाला देतात आणि 'सूट' ऐवजी 'सवलत' छापून येते. करकायद्यात त्या एका शब्दाने पूर्ण माफी आणि अंशतः कपात एवढा फरक पडतो. ही मराठी पगाराच्या बोलणीत कौशल्य म्हणून मांडायची गोष्ट आहे, संकोचाची नव्हे.

शिरायचे रस्ते आहेत. मुख्यमंत्री फेलोशिपला २१ ते २६ वय, पदवीला ६० टक्के, वर्षभराचा अनुभव आणि मराठी या अटी. पीआरएस या दिल्लीतल्या विधिमंडळविषयक संशोधन संस्थेची लॅम्प फेलोशिप खासदारासोबत काम देते, पंचविशीच्या आतल्यांना. पुण्यात मराठा चेंबर, मुंबईत बॉम्बे चेंबर, आयएमसी, महाराष्ट्र चेंबर अशा संस्थांत उद्योगांची निवेदनं तयार होतात. पगार कमी वाटेल, पण एका वर्षात दहा विभागांच्या टेबलांवर हात बसायचा असेल तर अशी दुसरी जागा नाही. अधिकाऱ्यांच्या बाजूने चित्र बदलतंय: १९६० पासूनच्या या राज्याला पहिल्या महिला मुख्य सचिव मिळाल्या त्या ३० जून २०२४ ला, सुजाता सौनिक. उशीर झाला, पण झालं. टेबलाच्या अलीकडच्या बाजूला, म्हणजे कंपन्यांकडून येणाऱ्यांत, मला तेवढी घाई दिसत नाही.

म्हणून मुलाखतीत विषय मागू नका, विभाग मागा. 'ईएसजी (पर्यावरण, समाज, सुशासन) बघशील का' याला 'पर्यावरण विभाग आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ माझ्याकडे असेल का' असं विचारा. निवृत्त साहेब सल्लागार असतील तर राहू देत, त्यांच्याकडून टिपणीची भाषा शिकून घ्या, ती त्यांना खरंच येते. पत्रावर सही संचालकांची असेल, त्यालाही हरकत नाही. पण सहीच्या खाली 'संपर्क' म्हणून जी ओळ असते, तिथे आपलं नाव आणि आपला मोबाइल नंबर येईल हे पहिल्याच आठवड्यात ठरवून घ्या. कागदात त्रुटी निघाली की कार्यासनावरून फोन त्या नंबरवर येतो.